काटा खरा

संग्रहालयाच्या बाई आज धक्क्यावर येणार आहेत, हे थोरल्यानं सगळ्यांचा चहा संपल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर चहा कुणाच्या घशाखाली उतरला नसता. घरातल्या माणसांची एवढी पारख त्याला होती.

"पेटी घेऊनच येताहेत," तो म्हणाला. "आतून मखमल लावलेली. त्यांनी मापं मागितली होती, मी कळवली."

"कुणाची मापं?" आईनं विचारलं.

"खेकड्याची."

कामाच्या खोलीतल्या सगळ्या माना बाकाकडे वळल्या. खेकडा बाकावरच होता. बाबा तो मऊ कापडानं पुसत होते. पितळेचं अंग, वर मापाची पट्टी, मधून जाणारं मळसूत्र, आणि ते फिरवलं की दोन्ही बाजूंना उघडणाऱ्या चुंबकांच्या नांग्या. कारखान्यातलं त्याचं नाव डिफ्लेक्टर. घरातल्या कुठल्याशा पोरानं कधीतरी त्याला खेकडा म्हटलं आणि तेव्हापासून सगळे तेच म्हणत आले. होकायंत्राच्या काचेवर तो बसवायचा आणि मळसूत्र फिरवत राहायचं. नांग्यांमधली चुंबकं काट्याला उत्तरेपासून ओढून एका ठरलेल्या खुणेवर आणतात. त्यासाठी किती फिरवावं लागलं तो आकडा वाचायचा. जहाजाचं तोंड उत्तरेला असताना एकदा, दक्षिणेला एकदा, मग पूर्वेला आणि पश्चिमेला. जहाजाचं स्वतःचं लोखंड काट्याला भुलवत असतं, म्हणून हे आकडे जुळत नाहीत. होकायंत्राच्या खांबाच्या पोटातली छोटी चुंबकं आणि दोन्ही बाजूंचे लोखंडी गोळे सरकवून ते जुळवायचे. जुळले की काटा खरा. यात सूर्य लागत नाही, किनारा लागत नाही, दीपगृह लागत नाही. धुकं असलं तरी काम चालतं, आणि या बंदरात धुक्यात होकायंत्र दुरुस्त करणारं घर एकच होतं. हे.

"मला विचारलंस?" बाबा खेकड्यावरची नजर न काढता म्हणाले.

"विचारलं होतं, बाबा. एकदा नाही, तीन वेळा. जेवताना विचारलं, तुम्ही मान हलवलीत."

बाबांचा कापड धरलेला हात थांबला. मग पुन्हा फिरू लागला. "हलवली असेल," ते म्हणाले.

"असं कसं हलवली असेल?" धाकटी उसळली. ती बाबांच्या हाताखाली शिकून तयार झालेली, आणि या घरात तिच्याशिवाय दुसरं कुणी आता शिकणार नव्हतं. "बाबा, पुढच्या महिन्यात दोन जहाजं सांगून गेलीत. ती काय मखमलीवर ठेवून दुरुस्त करायची?"

"ती येतील की नाही हे आज ठरेल," थोरला म्हणाला.

हे मात्र खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच सगळ्यांना लागलं. गेल्या पावसाळ्याआधी एक मालवाहू जहाज बाबांनी एकट्यानं केलं होतं. धाकटी तापानं फणफणली होती. ते जहाज बाहेर पडलं आणि वाळूच्या दांड्याला घासता घासता वाचून परत आलं. होकायंत्र चुकलेलं. बंदर कार्यालयानं एका ओळीत कळवलं की पुढचं काम कसं झालं ते त्या जहाजाच्या कप्तानांनी पाहून कळवावं, आणि तेही चुकलं तर या घराचा दाखला यापुढे धरला जाणार नाही. थोरला स्वतः बंदराचा पायलट. जहाजं आत-बाहेर नेणारा. बापाच्या नावाची कुजबुज त्यानं धक्क्यावर रोज ऐकली होती आणि रोज ऐकली नाही असं दाखवलं होतं.

"मला त्यांना मानानं उतरवायचंय," तो बहिणीला म्हणाला. खरं तर ते त्यानं बाबांनाच सांगायचं होतं. "आजचं जहाज करा. नीट झालं तर झालंच. आणि धक्क्यावरून सरळ मखमलीत. काचेखाली आजोबांचं नाव, बाबांचं नाव. कुणी हटकलं म्हणून सोडलं असं व्हायला नको."

"आणि माझं नाव?" धाकटी म्हणाली.

 थोरल्यानं बायकोकडे पाहिलं. वहिनी एरवी नवऱ्याच्या बाजूनं हिरिरीनं बोलणारी, पण आज ती कपबशा गोळा करण्यात फार गुंतली होती.

बाबांनी खेकडा त्याच्या जुन्या लाकडी पेटीत ठेवला, पितळी किल्ली फिरवली आणि किल्ली कोटात टाकली. "आजचं जहाज मी करणार," ते म्हणाले. "उद्याचं उद्या."

बाहेर पडताना सवयीप्रमाणे सगळे दारापाशी थबकले. दाराशेजारच्या फळीवर एक जुना काटा कायमचा मांडलेला असे. घरात येणारी नवी वस्तू आधी त्या काट्याजवळ धरायची. बटण असो, बकल असो, चष्मा असो. काटा हलला तर वस्तू कामाच्या खोलीत येणार नाही. वहिनी लग्न होऊन आली त्या दिवशी तिच्या केसांतून इतक्या पिना निघाल्या होत्या की काटा गरगर फिरला आणि आजोबा म्हणाले होते, "ही मुलगी नाही, हा उत्तर ध्रुव आहे." तेव्हा ती रडली होती. आता तीच ही गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगते, आणि तिच्या केसांना लाकडी काट्याशिवाय काही चालत नाही.

आज कुणाकडे काट्याजवळ धरायचं राहिलेलं काही नव्हतं. म्हणजे तसं सगळ्यांना वाटत होतं.

*

लाँच धक्का सोडून निघाली तेव्हा आई मागच्या बाकावर बाबांना खेटून बसली होती. जहाजावर ती सहसा जात नसे. आज शेवटचं काम असेल तर मी असणारच, एवढंच तिनं सांगितलं होतं आणि त्यावर बोलायची कुणाची छाती झाली नव्हती.

खरं कारण बाबांच्या बंडीच्या आत होतं. डाव्या बाजूला, छातीशी, आईनं स्वतःच्या हातानं शिवलेला एक चोरखिसा होता आणि त्यात ऐकण्याच्या यंत्राची डबी. तिची बारीक वायर कॉलरमागून वर गेलेली आणि बाबांनी कधी नव्हे ते वाढवलेल्या केसांखाली कानात शिरलेली. दुसऱ्या गावी जाऊन दोघांनी ते आणलं होतं, लग्नानंतर पहिल्यांदाच पळून गेल्यासारखं. गावातल्या दुकानातून घेतलं असतं तर संध्याकाळपर्यंत धक्क्यावर कळलं असतं. घरातही कुणाला दिसू नये म्हणून बाबा ते जेवताना काढून ठेवत आणि फक्त कामाच्या दिवशी लावत.

कुणाला कळू द्यायचं नाही, असं बाबा म्हणाले नव्हते. त्यांना म्हणावं लागलं नव्हतं. आई या घरात नवी होती तेव्हाची गोष्ट तिला पाठ होती. आजोबांना ऐकू येईनासं झालं होतं. सुकाणूवाला ओरडून जहाजाची दिशा सांगायचा आणि आजोबा भलतीच समजायचे. तेव्हा तरुण असलेले बाबा सगळ्या खलाशांसमोर त्यांना म्हणाले होते, "ज्याला सुकाणूवाल्याची हाक ऐकू येत नाही, त्यानं डेकवर उभं राहू नये." ते बरोबर होतं. पण ते सगळ्यांसमोर म्हटलं गेलं होतं. आजोबांनी किल्ली काढून मुलाच्या हातात ठेवली आणि शिडी उतरून लाँचमध्ये जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी खेकड्याला कधी हात लावला नाही. त्याला घरात कुणी खेकडा म्हटलं तरी ते उठून जात.

आता तेच वाक्य बाबांच्या छातीवर बसलं होतं, डबीच्याही आत.

"ऐकू येतंय ना नीट?" आईनं ओठ न हलवल्यासारखं करत विचारलं.

"इंजिन ऐकू येतंय," बाबा पुटपुटले. "माणसांपेक्षा इंजिन जास्त ऐकू येतं."

"मग माणसं ओरडतील. तुम्ही घाबरू नका."

"मी कशाला घाबरतो?"

आईनं त्यांच्या बंडीचं बटण उगाच सारखं केलं. ते पितळी होतं. चोरखिशाला लावलेली टिचबटणंसुद्धा पितळी होती, आणि शिवण्याआधी आईनं त्यातलं एकेक दाराशेजारच्या काट्याजवळ धरून पाहिलं होतं. काटा तसूभर हलला नव्हता. इतकी वर्षं या घरात काढल्यावर लोखंड अंगाला लागू द्यायचं नाही हे तिच्या हाडात भिनलं होतं. याचा तिला अभिमान होता आणि तो रास्त होता.

समोरच्या बाकावर धाकटी पेटी मांडीवर घेऊन बसली होती. भावाकडे तिनं पाठ केली होती. वहिनी दोघांच्या मध्ये बसली होती आणि थोड्या थोड्या वेळानं एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होती. पुढे समुद्र कुठे संपतो आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं.

*

जहाज शिकाऊ खलाशांचं. शिडं होती, पण अंग लोखंडी, आणि नुकतंच नवं इंजिन बसवलेलं. नवं इंजिन म्हणजे नवं लोखंड, म्हणून होकायंत्र पुन्हा लावायचं होतं. दुपारच्या भरतीला निघायचं होतं आणि दीपगृह धुक्यात गडप झालं होतं.

"तुमचं ते जुनं हत्यार आणलंत ना?" कप्तानांनी हसत विचारलं. माणूस वाईट नव्हता. गमतीच्या सुरात बोलायची सवय होती, एवढंच. "नाहीतर आम्ही उद्यापर्यंत इथंच."

"आज निघाल," बाबा म्हणाले.

मग पितळी भांडं बाहेर आलं. आजोबांच्या वेळेपासून चालत आलेली रीत होती. होकायंत्राच्या खांबाजवळ जाण्याआधी प्रत्येकानं अंगावरचं लोखंड भांड्यात टाकायचं आणि भांडं डेकच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचं. बाबा स्वतः भांडं फिरवत. थोरल्यानं शिट्टी आणि चाकू टाकला. कप्तानांनी किल्ल्यांचा जुडगा टाकला आणि बाबा हलले नाहीत, तेव्हा कुरकुरत कमरेचा पट्टाही. सुकाणूवाल्यानं खिशातून एक खिळा काढला आणि तो तिथं का होता हे त्यालाही सांगता आलं नाही. बाबांनी शेवटी भांड्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि ते वहिनीकडे दिलं. स्वतःला त्यांनी विचारलं नाही. स्वतःला विचारायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

धाकटीला हा क्षण आवडायचा. लहानपणापासून ती तो पाहत आली होती. मोठमोठे कप्तान तिच्या बापासमोर खिसे उलटे करत उभे राहायचे आणि तिला वाटायचं, आपल्या घरासमोर अख्खा समुद्र खिसे उलटे करतो.

जहाजाचं तोंड उत्तरेला आलं. "उत्तर!" सुकाणूवाल्यानं हाक दिली. बाबांनी हात वर करून ऐकल्याची खूण केली, खेकडा काचेवर बसवला आणि मळसूत्र फिरवायला सुरुवात केली. नांग्या हळूहळू उघडल्या. काटा उत्तर सोडून खुणेकडे सरकू लागला. बाबा खांबावर वाकून पाहत होते. आकडा वाचला, कुणाला ऐकू न जाईल असा खडूनं पाटीवर लिहिला आणि पाटी पालथी घातली. खेकडा पुन्हा मिटवून ते दोन पावलं मागे झाले.

आता धाकटीची पाळी. या घरात एका माणसाच्या वाचण्यावर काम होत नसे. दोघांनी वेगवेगळं वाचायचं आणि दोघांचा आकडा एकच आला पाहिजे. तापात पडल्यामुळे त्या मालवाहू जहाजावर ती नव्हती, आणि ही बोच तिला अजून होती. तिनं मळसूत्र फिरवलं, काटा खुणेवर आला, आकडा वाचला. पाट्या शेजारी शेजारी ठेवल्या.

बाबांचा आकडा एकोणीस. तिचा सोळा.

"पुन्हा," बाबा म्हणाले.

पुन्हा झालं. बाबा एकोणीस. ती सोळा.

कप्तानांनी घसा खाकरला. "म्हणजे आज आम्हाला दोन उत्तर दिशा मिळणार तर."

थोरला पुढे आला. त्याचा चेहरा आधीच पडला होता. "बाबा, राहू दे आता. डोळ्यांचं असेल. वयच आहे."

"माझे डोळे ठणठणीत आहेत!" बाबा एवढ्या मोठ्यानं म्हणाले की शिडाजवळची पोरं वळून पाहू लागली. मग ते धाकटीकडे वळले आणि आवाज उतरला. "तू घाईत वाचलंस का?"

नाही, असं ती म्हणू शकली असती. पण बापाच्या डोळ्यांत तिला जे दिसलं ते तिनं आजवर पाहिलं नव्हतं. त्यांना तिचं चुकलेलं हवं होतं. तिचं चुकलं असतं तर ते तिला रागावले असते, शिकवलं असतं, आणि सगळं पूर्वीसारखं झालं असतं. क्षणभर तिला वाटलं, म्हणावं हो, घाईत वाचलं. मग तिला मालवाहू जहाज आठवलं आणि वाळूचा दांडा आठवला.

"आणखी एकदा वाचते," ती म्हणाली. "तुम्ही शेजारी उभे राहा आणि बघा."

तिनं मळसूत्र फिरवलं. काटा सोळावर खुणेशी आला आणि शांत उभा राहिला. "बघा, बाबा."

बाबा वाकले. आणि काटा हलला. कुणी मळसूत्राला हात लावला नव्हता, जहाज वळलं नव्हतं. घरचा कुत्रा मालक आल्यावर मान वळवतो तसा काटा बाबांच्या छातीकडे वळला.

"जरा मागे व्हा," धाकटी म्हणाली.

"काय?"

"मागे व्हा, बाबा. दोन पावलं."

हे वाक्य या घरात सगळ्या जगाला म्हटलं गेलं होतं. बाबांना कुणी कधी म्हटलं नव्हतं. ते मागे झाले. काटा खुणेवर परत आला.

धाकटीला सगळं एकदम समजलं. बापाच्या अंगावर लोखंड आहे. कुठं आणि कशाला, तेही समजलं, कारण मग तिला वाढवलेले केस दिसले, कॉलरमागची वायर दिसली, आणि खूप दिवस जेवताना हलणारी मान आठवली, काहीही विचारलं तरी हो म्हणणारी.  बापाचा राग आला आणि त्याहून जास्त माया आली. सगळ्यांसमोर बोलावं तर आजोबांची शिडी. न बोलावं तर हे जहाज, ही पोरं.

ती वळली. डेकच्या टोकाला गेली, वहिनीच्या हातून पितळी भांडं घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून फिरवायला सुरुवात केली.

*

"माझं सगळं टाकून झालंय," कप्तान म्हणाले.

"आमच्याकडे आकडा जुळला नाही की भांडं पुन्हा फिरतं," धाकटी म्हणाली. अशी रीत नव्हती. ती तिनं त्याच क्षणी पाडली, आणि इतक्या ठाम आवाजात की कप्तानांनी खिसे पुन्हा चाचपले.

थोरल्यासमोर भांडं आलं तेव्हा त्यानं बहिणीकडे पाहिलं. काहीतरी चाललंय हे त्याला कळलं, काय ते कळलं नाही. वहिनीला मात्र कळलं. ती आईकडे बघत होती आणि आईचा हात स्वतःच्या छातीवर, डाव्या बाजूला गेला होता.

भांडं बाबांसमोर येऊन थांबलं. धाकटीनं ते दोन्ही हातांनी धरलं होतं, जसं ते नेहमी धरायचे.

"माझ्याकडे काय असणार?" बाबा म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. ती डबी त्यांनी जगापासून इतकी लपवली होती की स्वतःपासूनही लपली होती. ती त्यांच्या लेखी अंगावर नव्हतीच. आणि मग त्यांनी भांड्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"मी बटणं तपासली हो," आई पुढे येऊन म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "एकूण एक बटण काट्याला लावून पाहिलं. डबी नाही पाहिली. डबी बघायची राहिली."

"मलाही सुचलं नाही," बाबा म्हणाले. "मला!"

 मग बाबांनी कोटाची, बंडीची बटणं काढली. चोरखिशाची टिचबटणं टक् टक् उघडली. डबी बाहेर आली, मागोमाग वायर, आणि शेवटी केसांखालून कानातलं बोंड. सगळं त्यांनी भांड्यात शिट्टी, चाकू आणि किल्ल्यांवर ठेवलं. 

"ते मालवाहू जहाज," ते कप्तानांकडे वळून म्हणाले. ऐकू येत नसल्यामुळे आवाज आता सगळ्या डेकवर ऐकू जाईल असा होता. "ते मीच चुकवलं. डबी खिशात होती. बंदर कार्यालयाला सांगा. डोळे नाही, हात नाही, खेकडा नाही. मीच."

कप्तानांना त्या क्षणी कुठलीही गंमत सुचली नाही.

थोरला बापाकडे बघत राहिला. इतके महिने तो धक्क्यावर मान खाली घालून फिरला होता आणि इथं हा म्हातारा चारचौघांत मान ताठ ठेवून स्वतःची चूक सांगत होता. थोरल्याला आपली लाज वाटली आणि त्याच वेळी बापाचा असा अभिमान वाटला की काचेखालच्या नावाची कल्पना त्याला एकदम पोरकट वाटू लागली. मानानं उतरवायचं म्हणे. याला कोण उतरवणार?

पण बाबा स्वतःच उतरायला निघाले होते. त्यांनी किल्ली काढून धाकटीच्या हातात ठेवली आणि ते शिडीकडे वळले. "ज्याला हाक ऐकू येत नाही..." ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य या डेकवर घरच्यांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

धाकटी धावली आणि शिडीसमोर आडवी उभी राहिली. बोलून उपयोग नव्हता. तिनं भांडं वहिनीकडे दिलं, बापाचा हात धरला आणि त्यांना खांबापाशी परत आणलं. मग भावाकडे बघितलं.

थोरल्याला सांगावं लागलं नाही. सगळं आयुष्य त्यानं गोंगाटात, इंजिनाच्या धडधडीत, हातवाऱ्यांनी जहाजं वळवली होती. तो सुकाणू आणि खांब यांच्या मध्ये, बाबांना समोर दिसेल असा उभा राहिला. "उत्तर!" सुकाणूवाला ओरडला आणि थोरल्याचा उजवा हात सरळ वर गेला.

बाबा त्या हाताकडे बघत राहिले. त्यांचे ओठ घट्ट मिटले होते आणि डोळे भरून आले होते, आणि ते लपवायची त्यांनी तसदी घेतली नाही. मग ते वाकले, मळसूत्र फिरवलं, आकडा लिहिला.

सोळा. तिचा सोळा.

त्यापुढचं काम ज्यांनी पाहिलं ते अजून सांगतात. जहाज धुक्यात संथ वळत होतं. थोरल्याचा हात वर जाई, खाली येई, आडवा होई. बाबा वाचत, धाकटी वाचत, पाट्या उलटत, आणि प्रत्येक वेळी दोन्हींवर एकच आकडा. मग बाबा गुडघ्यांवर बसून खांबाच्या पोटातलं चुंबक बोटभर सरकवत, आणि धाकटी वरून बोटांनी खूण करी, अजून, अजून, पुरे. वहिनीनं डेकच्या टोकाला भांडं छातीशी धरलं होतं आणि कप्तान जवळ आले की "लांब राहा हं" म्हणत होती. आई दोराच्या वेटोळ्यावर बसली होती आणि एवढी ताठ बसली होती की शिकाऊ पोरांना वाटलं, ही कुणी मोठी अधिकारी असावी.

शेवटची फेरी झाली. चारही आकडे सारखे.

काम संपलं की घरातल्या कर्त्यानं मोठ्यानं म्हणायचं, "काटा खरा." मग डेकवरच्या सगळ्यांनी म्हणायचं, "खरा." त्याशिवाय जहाज निघत नाही. आजोबा म्हणायचे, मग बाबा म्हणायचे. बाबांनी तोंड उघडलं, थांबले आणि धाकटीकडे बोट केलं.

"मी?"

त्यांनी पुन्हा बोट केलं.

"काटा खरा," धाकटी म्हणाली. तिचा आवाज अर्धाच निघाला.

"काय?" बाबा म्हणाले.

"काटा खरा!"

"काय?"

"काटा खरा!" धाकटी छाती फुटेल एवढ्यानं ओरडली, आणि तिच्यामागून थोरला, वहिनी, कप्तान, सुकाणूवाला आणि शिडांवर लटकलेली ती सगळी पोरं एका दमात ओरडली, "खरा!" धुक्यातून कुठल्याशा जहाजानं घाबरून भोंगा वाजवला.

बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"एवढं ओरडायला काय झालं?" ते म्हणाले. "मी काय बहिरा आहे?"

आधी आई हसली. ती इतकी हसली की तिला दोरावरून उठता येईना.

*

लाँच धक्क्याला लागली तेव्हा धुकं विरळ झालं होतं. संग्रहालयाच्या बाई मखमलीची पेटी उघडी धरून उभ्या होत्या. त्यांनी बाबांना नमस्कार केला आणि सांगितलं की मधल्या दालनात, अगदी उजेडाची जागा ठेवली आहे, आणि एवढं जुनं हत्यार आजही इतकं सुस्थितीत असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

थोरला पुढे झाला. ही अडचण त्यानं आणली होती आणि ती त्यानंच निस्तरायला हवी होती. पण बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं. ऐकण्याची डबी आता चोरखिशात नव्हती. कोटाच्या वरच्या खिशात होती, अर्धी बाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी, आणि वायर कॉलरवरून सरळ कानात गेली होती. बाईंचा शब्द न् शब्द त्यांनी ऐकला.

"तर मग पेटी आत्ताच घेऊन जाऊ ना?" बाईंनी विचारलं.

"मला नका विचारू," बाबा म्हणाले. त्यांनी धाकटीकडे हात केला, जिच्या मुठीत अजून किल्ली होती. "आमच्या घरचं काम ही बघते. हिला विचारा."